‘आता सगळं वायरलेस आहे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

घराच्या नूतनीकरणात टीव्ही आणि साउंडच्या वायरिंगचा विचार गिलाव्याच्या आधी करावा, या माझ्या लेखावर तुम्ही म्हापशाहून लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. चांगली लांबलचक आहे आणि रागावून लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही ऐसपैस देतो. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आता सगळं वायरलेस आहे, एक साउंडबार टांगला की विषय संपला, आज भिंतीत गाडलेली केबल पाच वर्षांत भंगारात जाते, आजोबांनी बांधलेल्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतींना असल्या हौसेपायी झिऱ्या मारणं, म्हणजे पाइपासाठी खाचा पाडणं, म्हणजे घराची नासाडी, आणि शेवटी, ‘केबलवाल्यांकडून तुम्हाला किती सुटतं?’

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. त्या लेखात मी सर्वांत जास्त वेळा जी वस्तू घ्यायला सांगितली आहे, ती म्हणजे रिकामा पीव्हीसी पाइप. त्यावर कमिशन खायचं ठरवलं तर एका घरामागे फार तर एक पातळभाजी-पाव सुटेल.

आता वायरलेस. वायरलेस स्पीकरलाही वायर लागते, हे दुकानात कुणी सांगत नाही. सिग्नल हवेतून येतो, वीज येत नाही. सोफ्याच्या मागे दोन बाजूंना ठेवायच्या स्पीकरना दोन सॉकेट हवेत, आणि जुन्या घरात ते नेमके तिथे नसतात. मग दाराच्या उंबऱ्यावरून पिवळा एक्स्टेन्शन बोर्ड येतो, त्यावर पायपुसणं येतं, आणि वर्षभराने ते कायमचंच होऊन बसतं. बॅटरीवरचे स्पीकर आहेत, पण ते गाणी ऐकायला. टीव्हीला ब्लूटूथने जोडलात तर आवाज दीडदोनशे मिलिसेकंद मागे पडू शकतो. बातम्या वाचणारीचे ओठ आधी मिटतात आणि शब्द नंतर येतो. काही टीव्ही चित्र थोडं थांबवून हे जुळवून घेतात, सगळे घेत नाहीत.

आणि वायफायचं म्हणाल तर ते कोणत्या भिंतीतून जायचं आहे ते बघा. पुण्यामुंबईच्या फ्लॅटमधल्या चार-सहा इंची भिंतींवर बेतलेला सल्ला आपल्याकडे गोव्यात चालत नाही. तुमच्यासारख्या जुन्या घरात भिंत दीड-दोन फुटांची, चिरा सच्छिद्र, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. जूनपासून ती भिंत पाणी पिते, आणि ओल्या भिंतीत सिग्नल जास्त जिरतो. ५ गिगाहर्ट्झच्या वायफायचा तर लवकर दम सुटतो. मे महिन्यात माजघरात बरा चालणारा राउटर श्रावणात वसरीवर (ओसरीवर) पोचत नाही, अशी तक्रार मी डिचोली-साखळीच्या बाजूला पुष्कळ ऐकतो. लोक मग जास्त अँटेनांचा राउटर घेतात. त्यापेक्षा एक कॅट-६ ही नेटवर्कची केबल वसरीपर्यंत नेऊन तिथे छोटा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे तारेवरून येणारं नेट वायफायने पसरवणारा डबा, बसवला की काम होतं. म्हणजे वायफाय चांगलं हवं असेल तरी वायर आलीच.

बेडरूमच्या बाबतीत मात्र तुमचं सोळा आणे बरोबर आहे. दहा-बाराची खोली, पलंगावर पडून मालिका बघायची, तिथे पाच स्पीकर कशाला? टीव्हीच्या मागे दोन सॉकेट, एक नेटवर्क पॉइंट, साउंडबारसाठी ईएआरसीच्या, म्हणजे टीव्हीचा आवाज बाहेर देणाऱ्या, पोर्टातून हातभर एचडीएमआय केबल, बस्स. मी स्वतः लोकांना तिथे खर्च करू देत नाही.

पाच वर्षांत केबल बाद होते हा तुमचा मुद्दा मात्र अर्धाच खरा आहे, आणि कुठला अर्धा ते कळणं महत्त्वाचं. एचडीएमआयला तो तंतोतंत लागू पडतो. २००९ साली १.४ आली, तिचा वेग सेकंदाला १०.२ गिगाबिट. २०१३ ला २.० आली, १८ गिगाबिट. २०१७ ला २.१, थेट ४८. त्यातून साधी तांब्याची केबल पूर्ण वेगाला पाचेक मीटरपर्यंतच भरवशाची. त्यापुढे ऑप्टिकल एचडीएमआय घ्यावी लागते. तिला दिशा असते, एक टोक यंत्राचं आणि एक टीव्हीचं, आणि उलटी ओढली तर चित्रच येत नाही. ही केबल जो भिंतीत सिमेंटने बुजवून टाकतो, त्याला तुम्ही वापरलेले सगळे शब्द लागू आहेत.

बाकीच्या तारांचं तसं नाही. कॅट-६ चं मानक २००२ सालचं. ती आजही शंभर मीटरपर्यंत एक गिगाबिट आणि पंचावन्न मीटरपर्यंत दहा गिगाबिट नेते, आणि आपल्या कुठल्याही घरात पंचावन्न मीटरची ओढ लागत नाही. फक्त अस्सल तांब्याची घ्या. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल मिळते. एक तार ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर गुंडाळी परत करा. स्पीकरच्या वायरीला तर आवृत्तीच नसते. दोन तांब्याच्या तारा, संपलं. आठ ओहमच्या स्पीकरला पंधरा मीटरपर्यंत, वायरमनच्या भाषेत, दीड एमएम पुरते. चार ओहमचा असेल तर अडीच टाका. त्यापुढे ‘ऑक्सिजन-फ्री’, ‘सिल्व्हर’ वगैरे जे काही दुकानदार सांगतो, ते ऐकून घ्यायचं आणि बिल दीड एमएमचंच करायचं.

म्हणूनच माझा सगळा भर पाइपवर आहे. भिंत एकदाच उघडते. ती उघडी असताना आत वाट ठेवली, तर पुढे कुठली केबल येते याची चिंता तुम्ही आज का करावी? पण ही वाट नीट ठेवायची तर काही गोष्टी गवंडी आणि वायरमन दोघांनाही उभं राहून सांगाव्या लागतात. टीव्हीच्या मागून ॲम्प्लिफायरच्या कपाटापर्यंत ४० मिलिमीटरचा पाइप हवा. वायरमन सवयीने २५ चा टाकतो, कारण लाइटच्या वायरीला तो पुरतो. पण एचडीएमआयचं डोकं वीसेक मिलिमीटर रुंद, ते २५ च्या बेंडमध्ये अडकतं ते अडकतंच, मग पुढून ओढा नाहीतर मागून ढकला. वळण लांब घेराचं हवं, काटकोनी एल्बो नको, आणि दोन बॉक्सच्या मध्ये दोनाहून जास्त वळणं नकोत. आत नायलॉनची दोरी सोडून ठेवायची आणि नवी केबल ओढताना तिच्यासोबत पुन्हा नवी दोरी ओढायची. विजेचा पाइप वेगळा, त्यात सिग्नलची तार कधीच नाही. समांतर जायचं तर फूटभर अंतर, आणि ओलांडायचं तर काटकोनात. नाहीतर स्पीकरमधून पन्नास हर्ट्झची घुंई ऐकत बसावं लागतं.

आणि तोंडं बंद करा. हे कुठल्याच परदेशी माहितीपत्रकात नसतं. पाइपाचं तोंड एक पावसाळा उघडं राहिलं तर कुंभारीण, म्हणजे मातीचं घर बांधणारी माशी, आत घर करते. अशा एका पाइपातून मी स्प्रिंग घातली तेव्हा दीड हातावर ती थांबली. मागे ओढली तर टोकाला ओली लाल माती आणि तिच्यात कोळ्याचे वाळके पाय. पलीकडे मुंग्यांनी वेगळा कारभार मांडला होता. शेवटी तो पाइप सोडून द्यावा लागला आणि वायर बाहेरून केसिंग-कॅपिंगमधून न्यावी लागली, नव्या रंगावरून. टोकाला चार आण्याचं बूच असतं. बाहेरून येणारा पाइप असेल तर त्याला बाहेरच्या बाजूला उतार द्या आणि आतलं तोंड पुट्टीने बुजवा, नाहीतर एसीच्या खोलीत त्याच पाइपातून दमट हवा येते आणि बॉक्समध्ये पाणी साचून तांबं हिरवं पडतं.

आता भिंतींचं, ज्यावर तुमचा खरा राग आहे. त्या रागाशी माझं भांडण नाही. चिऱ्याला झिरी मारताना कटर एखाद्या पोकळ जागी गेला की बोटभर झिरीचं हातभर भगदाड होतं, आणि आत जुनं मातीचं दर्जकाम असेल तर चिरे सुटायला लागतात. म्हणून जुन्या घरात आडवी झिरी मी मारूच देत नाही. उभी, तीही पॉइंटच्या डोक्यावर सरळ, आणि लागेल तेवढीच खोल. आडवा प्रवास वरून करायचा. कौलारू घरात बहुधा लाकडी माळा असतो. पाइप तिथून न्या, खाली हव्या त्या जागी उतरवा. माळ्यावर लवचीक नळी नको, जाड पीव्हीसीच टाका, कारण तिथे उंदीर राहतात आणि त्यांना केबलचं प्लास्टिक आवडतं. जमीन नवी करत असाल तर लाद्यांच्या खालूनही वाट मिळते. आणि जिथे जुना चुन्याचा गिलावा शाबूत आहे, खिडकीभोवती नक्षी आहे, तिथे हात लावू नका; दाराच्या चौकटीलगत लाकडाच्या रंगाची पट्टी मारून वायर न्या. दिसते थोडी. दिसू दे.

तुमच्या प्रतिक्रियेत एक वाक्य होतं, ‘आमच्या हॉलमध्ये गणपती बसतो, ते थिएटर नव्हे.’ मला ते सगळ्यात कामाचं वाटलं, कारण नेमक्या याच गोष्टीसाठी आधी बसून विचार करावा लागतो. बहुतेक घरांत टीव्हीची भिंत आणि चवथीची भिंत एकच असते. मग चवथीच्या आदल्या दिवशी टीव्ही उतरवून पलंगावर आडवा ठेवतात, वायरींची जटा भिंतीतून लोंबते आणि तिच्यावर मखराचं कापड टाकतात. त्यापेक्षा समोरच्या किंवा बाजूच्या भिंतीवर आणखी एक टीव्ही पॉइंट आत्ताच ठेवा, पाइपासकट. मखराच्या बाजूला, जमिनीपासून फूटभर वर, दोन सॉकेट आणि एक माइकचा पॉइंट द्या, म्हणजे भजनाच्या रात्री वायर लोकांच्या पायांत येत नाही. छतातल्या स्पीकरचा मोह झाला असेल तर आधी माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीच्या, कड्या कुठे आहेत ते बघा. फॉल्स सीलिंगवाला त्या कड्या सरळ झाकून टाकतो, आणि मग नारळ-सुपारीच्या घडांनी, तोरिंजनांनी लगडलेली माटोळी जिप्समच्या पत्र्याला टांगायची का? कड्या मूळ वाशाला धरून खाली आणून घ्या आणि स्पीकर त्यांच्यापासून दूर ठेवा. तसे आरतीचे घुमट (मडक्याचं चर्मवाद्य) सुरू झाले की कुठलाही ॲम्प्लिफायर लाजतो, ते सोडा.

स्पीकरच्या जागा ठरवण्याआधी सोफा ठरवा, हेही इथेच सांगतो. बाजूचे स्पीकर बसणाऱ्याच्या किंचित मागे, समोरच्या रेषेपासून ११० ते १२० अंशांवर लागतात, आणि जुन्या हॉलमध्ये तिथे हमखास दार निघतं. टीव्हीचा मध्य बसल्यावर डोळ्यांसमोर यावा, म्हणजे साडेतीन फुटांच्या आसपास. तावेर्नात (दारूच्या गुत्त्यात) टीव्ही उंच टांगतात, कारण तिथे लोक उभ्याने फुटबॉल बघतात.

राहिली वीज. मे अखेरीस आणि ऑक्टोबरात आपल्याकडे जो गडगडाट होतो, त्यात टीव्ही जातो तो नेहमी विजेच्या लाइनीतूनच असं नाही; डिशच्या किंवा नेटवर्कच्या तारेतूनही जातो. डीबीमध्ये, म्हणजे घराच्या मुख्य वीजपेटीत, विजेचा अचानक झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर बसवा, पण अर्थिंग धड नसेल तर तो नुसता शोभेचा. आपल्या लाल जमिनीतून पाणी झरझर निघून जातं, उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि रोध वाढतो. म्हणून मोजायचं ते एप्रिल-मेमध्ये, पावसात मोजून खूश व्हायचं नाही. आणि अंगणापलीकडे वेगळी खोली किंवा भाड्याची जागा असेल तर दोन इमारतींमध्ये तांब्याची नेटवर्क केबल ओढू नका. दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं, वीज जवळ पडली की ती तार दोन्हीकडची यंत्रं घेऊन जाते. तिथे फायबर टाका. काच वीज नेत नाही. मात्र फायबरला आधाराची लोखंडी तार असेल तर ती आत येण्याआधीच कापून घ्या.

तुम्ही शेवटी लिहिलं आहे की पावसाळ्यानंतर तुमचंही काम निघणार आहे. मग तीन गोष्टी कळवा: हॉलच्या वर लाकडी माळा आहे की नुसती कौलं, जमीन उकरणार आहात की जुनीच ठेवणार, आणि चवथीला गणपती कुठल्या भिंतीला बसतो. माळा असेल तर मला वाटतं तुमच्या भिंतींना दोन-तीन उभ्या झिऱ्यांच्या पलीकडे काही लागू नये. आणि पाइप पडल्यावर, गिलावा चढायच्या आधी, भिंतीला टेप लावून फोटो काढायला घरातल्या कुणाला तरी आत्ताच सांगून ठेवा. वायरमनला सांगितलं तर तो हो म्हणतो आणि जेवायला जातो.