थर लावायला शिकवता, पडण्याचा हिशोब कधी शिकवणार?

गुरुपौर्णिमेला नारळ फुटला की गल्लीगल्लीत दहीहंडीच्या गोविंदांचा सराव सुरू होतो. गोपाळकाल्यापर्यंत सव्वा महिना मिळतो. पाय खांद्यावर कुठे ठेवायचा, नजर कुठे ठेवायची, उभं राहताना कुणी आधी उठायचं, सगळं घोटून घेतलं जातं. पडल्यावर काय होतं, हे सोडून. तो विषय काढला की "शुभ बोल" किंवा "देवाचं काम आहे, बजरंगबली बघून घेईल" असं ऐकू येतं. पलीकडे, उत्सवच बंद करा म्हणणारे असतात. या दोघांच्या मध्ये सतरा वर्षांचा पोरगा चौथ्या थरावर उभा असतो. त्याची श्रद्धा सोडवायची काही गरज नाही. त्याला हिशोब शिकवा, आणि तो पथकाच्या प्रशिक्षकानेच शिकवावा, कारण त्या पोराच्या लेखी त्याचाच शब्द चालतो.

कोर्टाकडून हे काम होत नाही. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने १८ वर्षांखालच्या मुलांना बंदी घातली आणि २० फुटांची मर्यादा आणली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, परत आलं आणि २०१७ मध्ये उंचीची अट गेली, वय १४ वर आलं. पोरांच्या डोक्यात एवढंच राहिलं की हे वरून आलेले नियम आहेत आणि ते बदलत राहतात.

आता आकडे. २० फूट म्हणजे साधारण ६ मीटर. तिथून सुटलेलं शरीर जेमतेम १.१ सेकंदात खाली येतं आणि आपटताना वेग असतो ताशी ३९ किलोमीटर. नऊ थरांची ४३ फूट उंची धरली तर ताशी ५७-५८. पोराला एवढंच विचारा: चाळीसच्या वेगाने बाईक भिंतीवर घातलीस तर काय होईल?

खरा धडा पुढे आहे. मार किती बसेल हे वेगाइतकंच थांबायला किती अंतर मिळालं यावर ठरतं. ६ मीटरवरून पडून १० सेंटिमीटरमध्ये थांबलात, तर सरासरी बल स्वतःच्या वजनाच्या ६० पट. तेच खाली दाटीने उभ्या पोरांच्या वर केलेल्या हातांवर, खांद्यांवर पडून ६० सेंटिमीटरमध्ये थांबलात, तर १० पट. खालचा गराडा हा जोश वाढवायला नसतो, ती गादी असते. त्यातली दहा पोरं मोबाइल वर करून शूटिंग करायला लागली की गादीला तिथे भोक पडतं. हे गणित सरावात फळ्यावर मांडा, मोबाइल आपोआप खिशात जातील.

मनोरा कोसळतो कसा तेही दाखवा. वरचे तीन एक्के, म्हणजे थरात एकटेच उभे राहणारे, ३०, ४० आणि ५० किलोचे धरू. खालच्या तिघांवर १२० किलो, म्हणजे प्रत्येकी ४०. त्यातल्या एकाचा गुडघा वाकला की उरलेल्या दोघांवर एका क्षणात ६०-६० येतात, तेही तिरके. बहुतेक वेळा दोष वरच्याचा नसतो, मधल्या थरातल्या दमलेल्या मांड्यांचा असतो. त्यात आयोजक पाण्याचा मारा करतात, ओल्या खांद्यावर पाय सरकतो. शिवाय सकाळपासूनची सहावी-सातवी हंडी, पोटात वडापाव आणि अंगातलं पाणी संपलेलं. म्हणून पथकात एक शब्द ठरवा, "उतर". कोणत्याही थरातल्या कुणीही तो उच्चारला की कारण न विचारता मनोरा उतरवायचा, आणि नंतर त्या पोराला कुणी भित्रा म्हणायचं नाही. सरावात हा शब्द मुद्दाम चार-पाचदा वापरा, नाहीतर ऐन वेळी तो घशातून बाहेर पडत नाही.

आता मणका. "हातपाय मोडेल, प्लास्टर लागेल" इथपर्यंतच पोरांची कल्पना धावते. मानेत वरच्या बाजूला मज्जारज्जूला मार बसला तर श्वासाचा पडदा हलवणारी नसच बंद पडू शकते. पाठीत बसला तर कमरेखालचं सगळं जातं, आणि सगळं म्हणजे फक्त चालणं नाही. लघवी दर चार ते सहा तासांनी नळी घालून काढावी लागते. शौचाची वेळ औषधाने ठरवावी लागते. संवेदना नसल्यामुळे एकाच कुशीवर पडून राहिलं की त्वचा आतून सडते, म्हणून अंथरुणावर दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. सरावाच्या एका संध्याकाळी कोरा तक्ता लावा: रात्री १०, १२, २, ४, ६. कोणाच्या रात्री कोण उठणार, नावं लिहायला सांगा. बहुतेक पोरं आईचं नाव लिहितील. तिथेच थांबा, वर प्रवचन नको.

"विमा आहे ना" हे उत्तर हमखास येतं. २०२२ मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा मिळाला, तेव्हा सरकारने मृत्यूसाठी १० लाख, दोन अवयव निकामी झाल्यास साडेसात लाख, एकासाठी ५ लाख जाहीर केले होते. साडेसात लाख साडेसहा टक्क्यांनी बँकेत ठेवले तर महिन्याला सुमारे ४ हजार व्याज येतं. मुंबईत दिवसपाळीचा मदतनीस एवढ्यात मिळतो का, हे पोरांनाच चौकशी करून सांगायला लावा. अपघात विम्यात दारू प्यायलेल्याचा दावा सहसा नाकारला जातो, हेही त्याच वेळी सांगा. १४ वर्षांखालचं "हलकं पोर" वर चढवणाऱ्यांना मात्र काही समजावत बसू नका, त्यांना पथकातून काढा.

पडल्यानंतरची पहिली दहा मिनिटं हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग. आपली पोरं प्रेमाने पडलेल्याला हातापायाला धरून उचलतात, बसवतात, तोंडावर पाणी मारतात, आणि तेवढ्यात अर्धवट दुखावलेला मज्जारज्जू पूर्ण जाऊ शकतो. एकाने डोक्याशी गुडघे टेकून दोन्ही हातांनी डोकं स्थिर धरायचं. दुसऱ्याने १०८ लावायचा. "बोटं हलव, इथे हात लागलेला कळतो का?" एवढंच विचारायचं. हलवायचंच झालं तर चार-पाच जणांनी, डोकं धरणाऱ्याने "एक, दोन, तीन" म्हटल्यावर, ओंडक्यासारखं एका रेषेत वळवून फळीवर घ्यायचं. श्वास थांबला असेल तर मणक्याचा विचार मागे. छातीवर दाब सुरू करायचा, मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ सेंटिमीटर.

उठून चालायला लागलेल्यालाही सोडू नका. डोक्याला मार लागून काही तास छान बोलणारा माणूस नंतर उलट्या करत गुंगीत जाऊ शकतो, कवटीच्या आत रक्त साठत असतं. खालच्या थरातल्या ज्याच्या पोटावर कुणाचा गुडघा बसला, तो पांढरा पडला, घाम सुटला, डावा खांदा दुखतो म्हणाला, तर पोटातली डावीकडची प्लीहा फुटली असण्याची शक्यता धरून थेट मोठ्या रुग्णालयात न्या. आणि अशा पोरांना टेम्पोत एकटं झोपू देऊ नका. टेम्पोवरून आठवलं: मनोऱ्यावर हेल्मेट घालणारा गोविंदा पुढच्या हंडीला ट्रिपल सीट, उघड्या डोक्याने जातो. हे कुणाला खटकत का नाही?

स्पेनमधल्या कॅटलोनियात असेच मानवी मनोरे रचतात. तिथेही ते गावाच्या जत्रेचा, संताच्या उत्सवाचा भाग असतात. २००६ मध्ये मातारो शहरात एक लहान मुलगी मनोऱ्यावरून पडून दगावली, त्यानंतर वर चढणाऱ्या मुलांच्या डोक्यावर हेल्मेट आलं. पण त्यांची त्याहून शहाणी गोष्ट गुण देण्यात आहे. मनोरा नुसता रचला तर कमी गुण, रचून नीट उतरवला तर जास्त. आपल्याकडे सलामी दिली की बक्षीस जाहीर, आणि उतरताना, सगळे दमलेले असताना, मनोरा कोसळला तरी माइकवर जयजयकार. आयोजकांनी या वर्षी एवढंच करावं: शेवटचा गोविंदा जमिनीवर पाय टेकवेपर्यंत रक्कम जाहीर करू नये.