‘कचरा कुठेही टाका, कुजतोच’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

घरी कंपोस्ट करणाऱ्याला हा मजकूर कधी ना कधी येतोच. पाठवणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. आपण सालं वेचत बसलोय हे बघून त्याला आपली कीव येते, इतकंच. मजकूर लांबलचक आहे. उद्गारचिन्हं वगळली की उरतं ते असं : ओला कचरा कुठेही टाकला तरी कुजतोच, मग घरात डबा कशाला? डब्याला वास येतो, अळ्या पडतात, उंदीर येतात. एवढं करून जे खत मिळतं त्यात काही दम नसतो. कापडी पिशवी 20,000 वेळा वापरली तरच ती प्लास्टिकपेक्षा बरी. हौसच असेल तर कंपोस्टेबल पिशवीत कचरा बांधून द्या, नाहीतर मशीन आणा, चोवीस तासांत खत. आणि शेवटचा ठोसा : जगातलं 71 टक्के प्रदूषण 100 कंपन्या करतात, तिथे तुमच्या सालांनी काय होणार?

हे सगळं धादांत खोटं असतं तर हसून पुढे गेले असते. पण यातले दोन आकडे खऱ्या अहवालांतून उचललेले आहेत आणि वासाची तक्रार निम्मी रास्त आहे. अशा मजकुराला उत्तर द्यायला जरा वेळ लागतो.

“कुठेही टाकला तरी कुजतोच”

कुजतो, मान्य. पण कुजवणारे जिवाणू कोणते, यावर पुढचं सगळं ठरतं. डब्यात हवा खेळती असेल तर ऑक्सिजनवर जगणारे जिवाणू आणि बुरश्या सालं-देठं फस्त करतात. त्यातून निघतो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि उष्णता. मागे राहते काळी, भुसभुशीत माती.

कचरा डेपोत हाच माल थरावर थर पडून दाबला जातो, वर माती टाकली जाते. आतला ऑक्सिजन थोड्याच काळात संपतो आणि हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंचं राज्य सुरू होतं. त्यांच्याकडून निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन असतो. मिथेन हवेत बारा वर्षांच्या आसपासच टिकतो, पण तेवढ्यात चोख काम करून जातो. वजनाला वजन धरलं तर 100 वर्षांच्या हिशोबात त्याची उष्णता अडवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट, आणि 20 वर्षांच्या हिशोबात 80 पटींहून जास्त.

“डेपोत पाइप टाकून तो वायू गोळा करतात की,” असं यावर हमखास ऐकायला मिळतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2023 मध्ये याचाच हिशोब मांडला. तिथल्या कचरा डेपोंमधून हवेत निसटणाऱ्या मिथेनपैकी अंदाजे 58 टक्के एकट्या अन्नाच्या कचऱ्याचा आहे, आणि या कचऱ्यापासून तयार होणाऱ्या मिथेनपैकी 61 टक्के वायू गोळा करणाऱ्या यंत्रणेच्या हाती लागतच नाही. कारण साधं आहे. अन्न फार लवकर कुजतं. त्यातला निम्मा कार्बन साडेतीन-पावणेचार वर्षांत वायू होऊन जातो, आणि पाइपांचं जाळं बऱ्याचदा त्यानंतर पोचतं.

आता याच्या अगदी उलटी गंमत. ॲरिझोना विद्यापीठातले पुरातत्त्वज्ञ विल्यम राथजे यांनी 1973 पासून लोकांच्या कचऱ्याचा अभ्यास चालवला होता. पुढे त्यांच्या चमूने कचऱ्याचे डेपोच उत्खननासारखे खणायला घेतले. खालच्या थरांतून निघाली काही दशकांपूर्वीची वर्तमानपत्रं, आणि ती सहज वाचता येत होती. म्हणजे जे लगेच कुजतं ते मिथेन देतं आणि जे कुजेल असं आपण धरून चालतो ते तसंच पडून राहतं. “निसर्ग बघून घेईल” म्हणणाऱ्यांनी निसर्गाला तिथे हवा आणि पाणी मिळतंय का, एवढं तरी बघावं.

या मुद्द्याची एक हुशार आवृत्तीही फिरते : कंपोस्टमधूनही कार्बन डायऑक्साइड निघतोच ना? निघतो. पण तो कार्बन झाडाने काही महिन्यांपूर्वी हवेतूनच उचललेला होता, तो परत गेला. लाखो वर्षं जमिनीखाली असलेलं तेल जाळून नवा कार्बन हवेत सोडणं वेगळं. हेही सांगायला हवं, की चिखल झालेल्या, हवा कोंडलेल्या डब्यातून मिथेन आणि थोडा नायट्रस ऑक्साइडही निघतो. घरात ठेवला म्हणून डबा आपोआप पवित्र होत नाही.

“वास येतो, अळ्या पडतात, उंदीर येतात”

ही निम्मी रास्त तक्रार. माझा पहिला डबा तिसऱ्या आठवड्यात इतका घाणला, की घरातल्यांनी तो आणि मी यांत निवड करायची तयारी दाखवली. मी काय केलं होतं? स्वयंपाकघरातलं सगळं ओलं रोज आत टाकत होते, झाकण घट्ट लावत होते आणि वाट बघत होते. त्याला कंपोस्टिंग म्हणत नाहीत, साठवण म्हणतात.

वास दोन प्रकारचे असतात आणि दोन्ही काहीतरी सांगत असतात. डोळ्यांना झोंबणारा वास अमोनियाचा : नायट्रोजन जास्त झाला, कोरडा माल कमी पडला. सडक्या अंड्याचा वास म्हणजे आत हवा नाही, पाणी तुंबलंय. दोन्हींवर उतारा जवळपास एकच. वाळका पाला, फाडलेला पुठ्ठा, लाकडाचा भुसा यांपैकी जे मिळेल ते मिसळा आणि ढिगारा खालीवर करा. पुस्तकी भाषेत कार्बन आणि नायट्रोजनचं प्रमाण 25 ते 30 ला 1 असावं. घरी कोणी तराजू घेऊन बसत नाही. एक वाटी ओल्याला दोन-तीन वाट्या कोरडं, इतकं धरलं की पुरतं. भुसा मात्र बेताने, त्यात कार्बन खच्चून भरलेला असतो आणि तो जास्त झाला की काम थंडावतं. ओलाव्याची परीक्षा मुठीत होते. मूठभर माल दाबला तर एखाददुसरा थेंब यावा. धार लागली तर कोरडं घाला, मूठ उघडल्यावर माल विस्कटला तर पाणी शिंपडा. आणि दर वेळी ओल्यावर कोरड्याचा थर पसरून मगच झाकण लावा. चिलटांचा निम्मा त्रास या एका सवयीने जातो.

मला अडीच महिने लागले हे अंगवळणी पडायला. त्यानंतर डब्यातून जो वास आला तो पहिल्या पावसानंतर मातीला येतो, तसा. तशी उपमा सुचते याला कारणही आहे : मातीतले जिवाणू जे जिओस्मिन तयार करतात, त्याचाच तो वास.

अळ्यांबद्दल. फिकट रंगाच्या, जाडसर, वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लायच्या असतात. त्या किळसवाण्या दिसतात, मी नाही म्हणत नाही. पण ही माशी चावत नाही, डंख मारत नाही, आणि तिच्या अळ्या कचऱ्याचा फडशा आपल्यापेक्षा वेगाने पाडतात. नकोशा वाटल्या तर कोरडा माल वाढवा, त्या कमी होतात.

उंदरांचा मुद्दा मात्र गंभीरपणे घ्यावा असा आहे. मांस, मासे, तेलकट अन्न घरगुती डब्यात घालू नका आणि हवेच्या भोकांवर 6 मिलिमीटरपेक्षा बारीक जाळी लावा. कुत्र्या-मांजरांची विष्ठाही नको. मोठ्या ढिगाऱ्यात तापमान 55 अंश सेल्सियसच्या वर जाऊन काही दिवस टिकतं, त्यात रोगजंतू मरतात. घरातला छोटा डबा तेवढा क्वचितच तापतो. माझ्या खतातून टोमॅटोची रोपं उगवतात ती याच कारणाने. बीसुद्धा शिजत नाही, तिथे जंतू कुठले मरणार?

“त्या खतात दम नसतो”

युरियात 46 टक्के नायट्रोजन असतो, घरच्या कंपोस्टमध्ये साधारण एक ते दोन टक्के. त्या मोजपट्टीवर दम नाहीच. पण कंपोस्टचं मुख्य काम माती सुधारण्याचं : तिला पाणी धरून ठेवायला मदत करणं, तिच्यात हवा खेळवणं, जिवाणूंना खायला घालणं. अन्नद्रव्यं त्यातून सावकाश सुटत राहतात. नुसत्या कंपोस्टमध्ये रोप लावून ते मेलं म्हणून बोंब मारणारे भेटतात. कुंडीत पाव ते तिसरा हिस्सा कंपोस्ट आणि बाकी माती, एवढं पुरतं.

“कापडी पिशवी 20,000 वेळा”

हा आकडा डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेच्या 2018 च्या अहवालातला आहे. पण तो सेंद्रिय कापसाच्या पिशवीचा, आणि सगळ्या निकषांपैकी सर्वांत वाईट निकषाचा, म्हणजे ओझोन थरावरच्या परिणामाचा. त्याच अहवालात हवामानबदलाच्या निकषावर सेंद्रिय कापसाला 149 आणि साध्या कापसाला 52 वापर पुरतात. आठवड्यातून एकदा बाजारात नेली तरी साधी पिशवी वर्षभरात हिशोब चुकता करते. वाऱ्यावर उडून नाल्यात अडकणाऱ्या प्लास्टिकची मोजदाद तर त्या अहवालात नव्हतीच. घ्यायचाच तर एक धडा घ्या : दर कार्यक्रमात फुकट मिळणाऱ्या कापडी पिशव्यांचा ढीग घरात साठवू नका.

“कंपोस्टेबल पिशवी वापरा, नाहीतर मशीन आणा”

‘कंपोस्टेबल’ या शब्दामागे बहुतेक वेळा एक अट असते, आणि ती ठळक अक्षरांत छापत नाहीत. पीएलएसारखं, म्हणजे वनस्पतींच्या स्टार्च-साखरेपासून बनवलेलं प्लास्टिक 58-60 अंशांच्या आसपास तापणाऱ्या औद्योगिक प्रकल्पात विघटित होतं. घरच्या डब्यात ते महिनोन्महिने जसंच्या तसं. “घरी कंपोस्ट होणारं” असं प्रमाणपत्र असलेल्या मालाचीही गत फार बरी नाही. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी सामान्य लोकांकडून त्यांच्या घरच्या डब्यांत प्रयोग करून घेतले. 2022 मध्ये निष्कर्ष आला : अशा मालापैकी 60 टक्के पूर्णपणे विघटित झालाच नाही.

आणि चोवीस तासांचं मशीन? त्यातली बरीचशी यंत्रं कचरा गरम करून वाळवतात आणि दळतात. बाहेर येते ती सुकलेल्या कचऱ्याची भुकटी, कारण एका दिवसात जिवाणूंचं महिन्यांचं काम उरकत नाही. ती भुकटी कुंडीत घालून पाणी दिलं, की कुजण्याची सुरुवात तिथे होते, बुरशीसकट. आकारमान कमी होतं हा फायदा खरा आहे, पण त्याला खत म्हणू नये.

यापेक्षा सरळ उपाय म्हणजे, तुमच्या भागात ओला कचरा वेगळा नेऊन त्याचं खत किंवा बायोगॅस खरोखर होत असेल तर तो नीट वेगळा करून द्या. घरात डबा नसला तरी चालेल. मी स्वतः कंपोस्टवाली असूनही हे सांगते.

“71 टक्के तर 100 कंपन्या करतात”

आकडा 2017 च्या ‘कार्बन मेजर्स’ अहवालातला, आणि तिथे तो बरोबर आहे. फक्त वाक्य वेगळं आहे. 1988 पासूनच्या औद्योगिक हरितगृह वायूंपैकी 71 टक्क्यांचा माग 100 जीवाश्म इंधन उत्पादकांपर्यंत लागतो, असं तो म्हणतो. जंगलतोड, शेती त्यात नाही. या 100 मध्ये अनेक सरकारी कंपन्या आहेत. आणि त्या उत्सर्जनातला सुमारे 90 टक्के भाग हे इंधन विकल्यानंतर ते जाळल्याने होतो : गाड्यांत, वीजकेंद्रांत, कारखान्यांत, घरांत. तेल काढणारा आणि तेल जाळणारा एकाच साखळीत आहेत.

तरीही या मुद्द्यातला राग मला कळतो. ‘कार्बन फूटप्रिंट’ हा शब्द घरोघरी पोचवण्यात बीपी या तेलकंपनीच्या 2004-05 च्या सुमाराच्या जाहिरातींचा मोठा वाटा होता. तेल विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला स्वतःचा ठसा मोजायला लावावं, यापरता कावा कोणता! हेही खरं, की विमानाच्या एका लांबच्या प्रवासात कित्येक वर्षांच्या कंपोस्टची पुण्याई धुऊन निघते. डबा ठेवला म्हणजे पृथ्वी वाचवली, असं कोणी म्हणत असेल तर त्याच्याशी माझंही भांडण आहे.

पण “कंपन्या दोषी आहेत, म्हणून मी सालं वेगळी करणार नाही” यात ‘म्हणून’ कुठून आला? दक्षिण कोरियाने अन्नाचा कचरा थेट डेपोत पुरण्यावर 2005 मध्ये बंदी घातली आणि 2013 पासून जितका कचरा तितके पैसे घ्यायला सुरुवात केली. मोठा, सरकारी, वरून आलेला बदल. तो चालतो कशावर? घराघरांत कोणीतरी ओलं-सुकं वेगळं करतं यावर. काचेचे तुकडे आणि प्लास्टिक मिसळलेला ओला कचरा आला, तर कितीही महागडा प्रकल्प त्याचं चांगलं खत करू शकत नाही.

डब्याचा सगळ्यात मोठा उपयोग तर खतात नाहीच, आणि हे मला बऱ्याच उशिरा उमगलं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 मध्ये जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं 60 टक्के घरांमधून. घरांमधलंच धरलं तर माणशी वर्षाला 79 किलो. अन्न पिकवणं, वाहून नेणं, थंड ठेवणं या सगळ्यावर झालेला खर्च सालं कुजवून परत मिळत नाही. तो वाचतो अन्न फेकलंच नाही तर. बंद पिशवीत बांधून दिलेला कचरा कोणी परत बघत नाही. कंपोस्टचा डबा मात्र दर दोन दिवसांनी उघडून ढवळावा लागतो, आणि ढवळताना दिसत राहतं : पुन्हा तीच पालेभाजीची जुडी, पुन्हा तेच अर्धं फळ. दोन महिने हे बघितल्यावर आमच्याकडे जुडीऐवजी अर्धी जुडी यायला लागली. पूर्वी डबा पाच आठवड्यांत भरायचा. आता नऊ लागतात, आणि घरातली माणसं तेवढीच आहेत.