‘निसर्गाच्या कामात हात घालू नका’: एका लोकप्रिय मजकुराचा प्रतिवाद

एखादी वन्य जात शेवटच्या दहा-वीस जिवांवर आली की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा असतो: जाती नामशेष होणे हा निसर्गाचाच क्रम आहे; इतक्या थोड्या जिवांपासून वंश उभा राहत नाही; माणसाने वाढवलेला प्राणी रानात तग धरत नाही आणि धरलाच तर कायमचा माणसावर विसंबून राहतो; म्हणून अंडी उबवण्यात आणि पिल्ले भरवण्यात पैसा घालण्याऐवजी तो अधिवास राखण्यावर खर्च करावा. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्या अनेकांना वन्यजीवांविषयी खरी कळकळ असते, आणि म्हणूनच त्यातला प्रत्येक मुद्दा तपासून पाहणे मला गरजेचे वाटते.

पहिल्या मुद्द्याला उत्तर थोडक्यात देता येते. मॉरिशस केस्ट्रेल हा छोटा ससाणा घटत गेला तो जंगलतोडीमुळे आणि डीडीटीच्या फवारणीमुळे. न्यूझीलंडच्या चॅटम बेटांवरील ब्लॅक रॉबिन हा छोटा पक्षी संपत आला तो माणसांबरोबर आलेल्या मांजरांमुळे आणि उंदरांमुळे. कॅलिफोर्निया काँडोर हे प्रचंड गिधाड मेले ते मुख्यतः शिकाऱ्यांच्या गोळ्यांतील शिसे मृत जनावरांच्या मांसातून पोटात गेल्याने. ही घसरण माणसाने सुरू केलेली असताना नेमक्या शेवटच्या टप्प्यावर अंग काढून घेणे याला निसर्गाला मोकळीक देणे म्हणता येणार नाही.

दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. अंतःप्रजननाचा, म्हणजे जवळच्या नात्यातल्या जिवांच्या संकरातून वंश दुबळा होण्याचा, धोका खरा आहे आणि तो कोणीही जाणकार नाकारत नाही. पण त्यावरून ‘प्रयत्नच व्यर्थ’ असा निष्कर्ष निघत नाही. 1980 मध्ये जगात अवघे पाच ब्लॅक रॉबिन उरले होते आणि त्यांत यशस्वीपणे वीण घालणारी मादी एकच होती, जिला तिच्या पायातील कड्यामुळे ‘ओल्ड ब्लू’ म्हणत. न्यूझीलंडचे वन्यजीव संवर्धक डॉन मर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची पहिली अंडी काढून दुसऱ्या जातीच्या पक्ष्यांच्या घरट्यांत ठेवली, कारण अंडी गेली की मादी पुन्हा घालते आणि एका हंगामात पिल्लांची संख्या वाढवता येते. आधी निवडलेल्या वॉर्बलर पक्ष्यांना रॉबिनच्या पिल्लांना पुरेसे भरवणे जमले नाही, तेव्हा समुद्र ओलांडून शेजारच्या बेटावरील टॉमटिट पक्ष्यांच्या घरट्यांत अंडी पोहोचवली गेली आणि तिथे पिल्ले जगली. आज अडीचशेच्या आसपास असलेले सगळे ब्लॅक रॉबिन त्या एका मादीचे वंशज आहेत. त्यांची जनुकीय विविधता अत्यंत कमी आहे, हे मान्यच. तरीही ते रानात स्वतः घरटी बांधून पिल्ले वाढवत आहेत.

माणसाच्या हातचे प्राणी रानात टिकत नाहीत, हा तिसरा मुद्दा फसलेल्या प्रयोगांवर उभा आहे, आणि असे प्रयोग झाले आहेत. 1975 पासून अमेरिकेतील आयडाहोमध्ये हूपिंग क्रेन या क्रौंचाची अंडी सँडहिल क्रेन या दुसऱ्या जातीच्या क्रौंचाच्या घरट्यांत ठेवली गेली. पिल्ले वाढली, त्यांनी स्थलांतरही केले. मात्र आपण कोणत्या जातीचे याचा ठसा त्यांच्यावर पालक पक्ष्यांचा उमटला आणि ती आपल्या जातीशी जोड्या जमवेनात. टॉमटिटच्या घरट्यात वाढलेल्या काही रॉबिनच्या बाबतीतही हीच अडचण आली, तेव्हा पिल्ले उडू लागण्यापूर्वीच रॉबिनच्या घरट्यात परत नेण्याचा उपाय करण्यात आला. काँडोरच्या पिल्लांना माणूस दिसू नये म्हणून प्रौढ काँडोरच्या डोक्यासारख्या बाहुलीने भरवत. तरीही 1992 पासून सोडलेले सुरुवातीचे पक्षी वस्त्यांजवळ येत आणि विजेच्या तारांना धडकत. त्यानंतर पिंजऱ्यातच सौम्य झटका देणारे खोटे खांब उभारले गेले, तरुण पक्ष्यांना प्रौढ पक्ष्यांच्या संगतीत ठेवले जाऊ लागले, आणि 2003 मध्ये ॲरिझोनात सोडलेल्या पक्ष्यांचे पिल्लू रानातल्या घरट्यातून उडाले. 1987 मध्ये शेवटचा रानटी काँडोर पकडला गेला तेव्हा जगात एकूण 27 काँडोर होते. आज तीनशेहून अधिक मोकळ्या आकाशात आहेत. पिल्लू कोणी, कसे आणि किती दिवस सांभाळले यावर निकाल अवलंबून असतो. ‘हात लागला’ एवढ्यानेच तो ठरत नाही.

परावलंबनाचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण इथे मदतीनेच अपाय झाल्याचा भक्कम पुरावा आहे. काही रॉबिन माद्या अंडे घरट्याच्या कडेवर घालत. तिथे ते उबत नसे. एकेक अंडे मोलाचे असल्याने कार्यकर्ते ते हलकेच आत ढकलत. हा दोष आनुवंशिक होता, आणि निसर्गात जो आपोआप छाटला गेला असता तो या मदतीमुळे पसरला: 1989 पर्यंत निम्म्याहून अधिक माद्या कडेवर अंडी घालू लागल्या. पुढे अंडी ढकलणे थांबवले आणि हळूहळू हे प्रमाण 9 टक्क्यांवर आले. हे उदाहरण हस्तक्षेपाच्या विरोधात सांगितले जाते, मात्र त्याचा उत्तरार्ध सहसा गाळला जातो. मदत वेळेवर मागे घेतली आणि जात सावरली. मॉरिशस केस्ट्रेलचेही तसेच: 1974 मध्ये रानात चारच पक्षी माहीत होते, जीवशास्त्रज्ञ कार्ल जोन्स यांनी अंडी यंत्रात उबवली, रानातल्या जोड्यांना जादा खाद्य दिले, घरट्यांसाठी पेट्या लावल्या, आणि संख्या वाढल्यावर 1990 च्या दशकात बंदिस्त प्रजनन थांबवण्यात आले. पुढे हा ससाणा पुन्हा काहीसा घटला, तरी आज तो काही शेकडोंच्या घरात आहे.

उरला पैशाचा मुद्दा. अधिवास की प्रजनन, अशी निवड करायला लावणेच चुकीचे आहे. आयबेरियन लिंक्स या रानमांजराची संख्या 2002 मध्ये शंभराच्या आत होती. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये बंदिस्त प्रजनन, त्याचे भक्ष्य असलेल्या सशांची संख्या सावरणे, जमीनमालकांशी करार आणि रस्त्यांवरील मृत्यू टाळण्याचे उपाय ही कामे बरोबरीने चालली. 2023 च्या गणनेत पिल्लांसह संख्या दोन हजारांवर गेली. नुसता अधिवास राखला असता तर त्या अधिवासात सोडायला लिंक्सच पुरेसे नसते. काँडोरची बाजू याच्या उलट आहे: पक्षी आहेत, डोंगरही आहेत, पण शिसे अजून आहे. कॅलिफोर्नियात शिशाच्या गोळ्यांनी शिकार करण्यावर 2019 पासून पूर्ण बंदी आली तरी रानातील काँडोर अजूनही पकडून त्यांचे रक्त तपासावे लागते आणि विषबाधा झालेल्यांवर उपचार करावे लागतात. शिसे पोटात जाणे थांबेपर्यंत हे काम बंद करता येणार नाही.