‘सही करू नका, जमीन जात नाही’: फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

सुरत–चेन्नई महामार्गाच्या निमित्ताने बार्शी, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट पट्ट्यातल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. नोटीस घेऊ नका, सहीशिवाय जमीन जात नाही. पैसे उचलले की वाढीव मोबदल्याचा हक्क संपला. बाजारभावाच्या चौपट मिळतंच. आणि अडलंच तर कोर्टातून स्टे आणा. खाली नुसतं ‘कायदेतज्ज्ञ’, नाव नाही. हा सल्ला पाळणाऱ्याचं नुकसान ठरलेलं आहे.

आधी सहीचं बघू. ही जमीन खरेदी होत नाही, संपादित होते, तीही राष्ट्रीय महामार्ग कायदा 1956 खाली. त्यातल्या कलम 3ए ची अधिसूचना, म्हणजे जमीन घेण्याचा इरादा, राजपत्रात येते, तिचा मजकूर दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापतात. हरकतीचे 21 दिवस त्या प्रसिद्धीपासून मोजले जातात, कोतवालाने कागद हातात दिल्यापासून नव्हे. पुढे 3डी ची घोषणा झाली की जमीन केंद्र सरकारकडे जाते. सहीचा रकाना त्यात कुठेच नाही. मोबदला जमा झाला की ताब्यासाठी 60 दिवसांची नोटीस निघते आणि ती मानली नाही तर पोलीस बंदोबस्त येतो. नोटीस परत पाठवणाऱ्याच्या पदरात एवढंच पडतं की त्याची हरकत कागदावर येत नाही. खरोखर कामाची गोष्ट मेसेजवाल्याला माहीतच नाही: 3ए नंतर वर्षभरात 3डी निघाली नाही तर ती अधिसूचना आपोआप बाद होते (कोर्टाच्या स्थगितीचा काळ त्यातून वगळून). तारखा बघायच्या असतील तर या बघा.

पैसे उचलण्याची भीती अर्धवट ऐकण्यातून आली आहे. 1894 च्या जुन्या भूसंपादन कायद्यात निषेध न नोंदवता रक्कम घेतली तर वाढीव मोबदल्याचा अर्ज करता येत नसे. 2013 च्या कायद्यातही तशी तरतूद आहे. महामार्ग कायद्यात कलम 3जी(5) खाली लवादाकडे, म्हणजे मोबदल्याचा वाद ऐकणाऱ्याकडे, जाण्यासाठी अशी अट लिहिलेली नाही. तरीही पावतीवर ‘हक्क राखून, निषेधासह’ असं लिहून पैसे घ्यावेत, त्याला काही खर्च येत नाही. लवादाने रक्कम वाढवली तर वाढीव रकमेवर ताबा घेतल्यापासून 9 टक्के व्याज देता येतं. दार बंद होतं ते संपादनाऐवजी थेट खरेदी झाली तर. तिथे आपण स्वतः खरेदीखतावर सही करतो, मग भाव कमी मिळाला म्हणून लवादाकडे जाता येत नाही. त्यामुळे समोर आलेला कागद निवाड्याचा (मोबदला ठरवणाऱ्या आदेशाचा) आहे की खरेदीखताचा, हे आधी वाचून घ्या.

आता चौपट. 2015 पासून महामार्गाचा मोबदलाही 2013 च्या कायद्याच्या सूत्राने ठरतो. रेडीरेकनरचा दर आणि आसपासच्या खरेदीखतांची सरासरी यांत जे जास्त ते धरायचं. ग्रामीण भागात त्याला 1 ते 2 यांमधला गुणांक लावायचा, झाडं-विहिरी मिळवायच्या आणि तेवढीच दिलासा रक्कम वर द्यायची. एकरी 10 लाख धरले आणि गुणांक 1 असला तर नुसत्या जमिनीचे 20 लाख होतात, 2 असला तर 40. चौपट फक्त दुसऱ्या हिशेबात निघते. आणि ती पारावर बोलल्या जाणाऱ्या भावाची नव्हे, नोंदलेल्या भावाची. आपणच वर्षानुवर्षं खरेदीखतात निम्मी किंमत दाखवली, त्याचा हिशेब इथे चुकता होतो.

आपल्याकडे खरा पैसा बुडतो तो संयुक्त मोजणीत, म्हणजे जाणारी जमीन, झाडं, विहिरी जागेवर मोजून तक्ता करतात तेव्हा. शेतात तीन वर्षांची डाळिंबाची बाग उभी असते, पण ई-पीक पाहणी केलेलीच नसते, म्हणून नमुना बारावर अजून तूर दिसते. बोअरची नोंद नसते. मोजणीच्या दिवशी मालक पुण्यात असतो, चुलतभाऊ सही करतो आणि तक्त्यात फळझाडांपुढे ‘निरंक’ लागतं. पुढे लवादासमोर कितीही चांगला वकील दिला तरी विरुद्ध बाजू तोच तक्ता पुढे करते. म्हणून मोजणीला स्वतः उभं राहा. झाडं, ठिबक, पाइपलाइन मोजून घ्या, त्याच दिवशी तारखेसह फोटो काढा, तक्ता चुकीचा असेल तर त्यावरच हरकत लिहा आणि प्रांत ऑफिसला अर्ज देऊन पोच घ्या. रस्त्याने शेताचे दोन तुकडे होऊन विहीर पलीकडे राहणार असेल तर त्याचं नुकसान वेगळं मागता येतं. 3जी(7) मध्ये ते स्पष्ट आहे, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. वकील गाठायचा तो या टप्प्यावर. आपल्याकडे मात्र निवाडा हातात पडल्यावर धावाधाव सुरू होते.

स्टेबद्दल थोडक्यात. 2018 च्या दुरुस्तीनंतर विशिष्ट अनुतोष कायद्याचं (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) कलम 41 सांगतं की पायाभूत प्रकल्प अडेल असा मनाई हुकूम दिवाणी कोर्टाने देऊ नये. उच्च न्यायालयाचा रिट अधिकार (सरकारच्या बेकायदा कृतीत थेट दखल घेण्याचा) शाबूत आहे आणि सोलापूरकरांना ऑगस्ट 2025 पासून त्यासाठी मुंबई नाही, कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे. पण ‘रस्ता माझ्या रानातून नको’ एवढ्यावर तिथेही सहसा भागत नाही. रस्ता कुठून न्यायचा हा तज्ज्ञांचा विषय, असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये मंगळूरच्या प्रकरणात म्हटलं आहे. हरकतीची सुनावणीच दिली नाही, असली चूक दाखवता आली तर गोष्ट वेगळी. त्यासाठी मुदतीत हरकत दिलेली हवी, आणि मेसेज तर नोटीसच घेऊ नका म्हणतो.

या गोंधळात ‘वाढीव रकमेत वीस टक्के’ म्हणत एजंट दारात येतात. कोऱ्या चेकवर, मुखत्यारपत्रावर सही देऊ नका. निकालातल्या रकमेत हिस्सा ठरवून फी घेणं वकिलांनाही बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. सातबारावर आईचं किंवा बहिणीचं नाव असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे तिला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.