स्टिकरआधी भिंत तपासा

मुलांची खोली सजवायला बरेच जण वॉल स्टिकर सुचवतात, पण जुन्या डिस्टेंपरवर (भुकटी सुटणाऱ्या स्वस्त रंगावर) ते फार दिवस टिकत नाहीत. भिंतीवरून तळहात फिरवा. पांढरी भुकटी हाताला लागली, तर स्टिकर त्या भुकटीलाच चिकटतो आणि तिच्यासकट सुटून येतो.

त्यापेक्षा एकच भिंत रंगवा. १० बाय १० फुटांच्या भिंतीला रंगाच्या दोन हातांसाठी, म्हणजे दोन थरांसाठी, दीड ते दोन लिटर इमल्शन (पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग) पुरतं. आधी पत्रीने (खरवडायच्या पात्याने) सुटा रंग खरवडा, ओल्या फडक्याने पुसा, वाळल्यावर प्रायमरचा (रंगाखालच्या अस्तराचा) एक हात द्या. प्रायमर टाळून पैसे वाचत नाहीत, उलट भिंत रंग जास्त पिते. रंगाखाली भिंतीत ओल असेल तर आधी गळती शोधा, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात पोपडे धरतातच.

मुलांना खरी मजा येते ती पुढच्या कामात. गेरूच्या रंगाचा पट्टा आणि त्यावर पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकने वारली आकृत्या: दोन त्रिकोण टोकाला टोक लावून धड, वर गोल डोकं, काड्यांचे हातपाय. सहा वर्षांच्या मुलालाही जमतं! पट्ट्याच्या कडेची मास्किंग टेप मात्र रंग किंचित ओला असतानाच काढा. पूर्ण वाळल्यावर ओढली की रंगाची साल निघते आणि कड दातेरी होते.

आणि कळकळीने सांगतो, जुना ऑइलपेंट मुलांसमोर कोरडा घासू नका. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासूनची आहे, त्याआधीच्या रंगाची धूळ मुलांसाठी विषारी ठरू शकते.