हॉल चालवावा कसा?

आपल्या शहराच्या इनडोअर हॉलच्या दाराला गेल्या आठवड्यात कागद लागला: 'प्रदर्शनानिमित्त कोर्ट चार दिवस बंद.' मासिक पासाचे पैसे अर्थात आगाऊच भरलेले. असा हॉल उद्या तुमच्या ताब्यात आला, तर गोंधळू नका.

आधी इतिहास पाठ करा. कोलकात्याचं नेताजी इनडोअर 1975च्या जागतिक टेबल टेनिससाठी, दिल्लीचं इंदिरा गांधी 1982च्या एशियाडसाठी. मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोम या इनडोअर हॉलमध्ये 2014 ला प्रो कबड्डीचा पहिला सामना, 2019 ला एनबीए, म्हणजे अमेरिकेची बास्केटबॉल लीग, 2020 मध्ये कोविडच्या खाटा. बघा, हॉलमध्ये काहीही चालतं! कबड्डीला मॅट आणि एनबीएला वेगळं कोर्ट अंथरलं होतं, तेवढं भाषणातून गाळा.

बॅडमिंटनची नेट मध्यभागी 1.524 मीटर हवी. दोरी सैल सोडा, आपोआप जमेल.

एसीचा झोत थेट कोर्टावर. शटल जेमतेम पाच ग्रॅमचं, ते काय तक्रार करणार!

आता वुडन फ्लोअर. खाली रबराचे पॅड, त्यावर बॅटन, म्हणजे आधाराच्या लाकडी पट्ट्या, मग प्लाय, वर मेपलच्या पट्ट्या. भिंतीलगत स्कर्टिंगखाली फट ठेवलेली असते, पावसाळ्यात लाकूड फुगतं म्हणून. ती सिमेंटनं बुजवा, म्हणजे फ्लोअर मधोमध उचलेल. रोज फिनाईलचा ओला पोछा मारा. पाणी सांध्यांत मुरून पट्ट्यांच्या कडा वर आल्या पाहिजेत. स्टॉलचे लोखंडी पाय उघड्या लाकडावर रोवा. कार्पेटला दुहेरी टेप लावा आणि शेवटच्या रात्री खस्सकन ओढा, पॉलिशसकट निघते. बुफेच्या काउंटरखालून तेल झिरपलं तर उत्तमच, बॅकहँडला धावणाऱ्याचा घोटा थेट हाडवैद्याकडे. आणि बॅटन निखळला, की बास्केटबॉल टप्पा घेण्याऐवजी धप्प करून तिथेच बसतो. तरी फ्लोअरची चौकशी केली की उत्तर एकच: 'पॉलिशचं टेंडर निघालंय.' कुठल्या पॉलिशचं? खालचं लाकूड कुजलंय, त्याचं काय?

अहो, भाडं हवं तर घ्या ना, कोण नको म्हणतंय! पण आधी फेल्ट, म्हणजे जाड नमदा, अंथरा, त्यावर जाड प्लाय, आणि टेप लावायची ती प्लायवर. डिपॉझिट सोडण्याआधी गुडघ्यावर बसून फ्लोअर तपासा. तारखा महिनाभर आधी फलकावर लावा, आदल्या रात्री नव्हे. आणि चार दिवसांचे पैसे कुठल्या खिडकीवर परत मिळणार, तेही त्याच कागदावर लिहा.