झुडपांचा पाला हा दुय्यम चारा नव्हे

माळरानावरील काटेरी झुडपे काढून तेथे केवळ गवत वाढवावे, ही लेखातील सूचना मला पटली नाही. माणदेशात पावसाळा सरल्यावर कुसळी गवत वाळते, त्यातील प्रथिने तीन-चार टक्क्यांवर येतात, आणि चाऱ्यात साधारण ७ टक्क्यांपेक्षा कमी प्रथिने असली की जनावराच्या पोटातील सूक्ष्मजीवांची वाढ खुंटते, तंतुमय भाग नीट पचत नाही व जनावराचे खाणेही घटते. याउलट बोरीच्या पाल्यात १० टक्क्यांहून अधिक प्रथिने असतात. राजस्थानात तर रानबोरीचा पाला झोडपून, वाळवून टंचाईसाठी साठवून ठेवतात. आमच्याकडे ऐन उन्हाळ्यात आकडीने बाभळीच्या शेंगा पाडल्या जातात. त्या पडल्याचा आवाज येताच शेळ्या चहूबाजूंनी धावून येतात, आणि रात्री रवंथ करताना त्यांनी टाकलेल्या टणक बिया सकाळी वाड्यात विखुरलेल्या दिसतात.

या पाल्यात टॅनिन हे तुरट द्रव्य असते, ते प्रथिनांना बांधून ठेवते आणि त्यामुळे सगळी प्रथिने जनावराच्या अंगी लागत नाहीत, हा लेखकाचा मुद्दा मात्र बरोबर आहे. म्हणूनच केवळ बाभळीवर जनावरे पोसू नयेत, गवत व कडब्याबरोबर पाला द्यावा. शेळीला टॅनिन मेंढीपेक्षा अधिक सोसते, त्यामुळे दोघींचा हिशेब वेगळा मांडायला हवा. लेखात तो एकच धरला आहे.